खूण आणि वस्तु

व्याकरण शिकवितांना एक भेद आरंभींच सांगावा लागतो. 'अग्नि' शब्दास प्रत्यय लावा म्हटलें, तर तो अक्षरांस लावावयाचा, चुलींतील निखाऱ्यास नव्हे. उलट, अग्नि आणा म्हटलें, तर अक्षरें आणून भागत नाहीं. हाच विवेक संगणकांत सुटला, तर घरचीं छायाचित्रें व कागदपत्रें क्षणांत नाहींशीं होतात.

लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवितां यावेत म्हणून १९९३ सालीं 'वाईन'चा आरंभ झाला. नांव मद्याचें असलें, तरी काम दुभाष्याचें! त्याची पहिली पक्की आवृत्ति २००८ सालीं निघाली. विंडोजच्या प्रोग्रामनें केलेली मागणी हा दुभाषी लिनक्सच्या रीतीनें पुरी करतो.

युनिक्सच्या कुळांत 'सिम्बॉलिक लिंक' नांवाची सोय आहे. ती म्हणजे दुसऱ्या फाईलचा वा फोल्डरचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी होय. विंडोजमध्यें अशा चिठ्ठ्या २००७ सालीं व्हिस्टाबरोबर घरोघरीं आल्या. वाईनची 'सी' ड्राइव्हदेखील एक चिठ्ठीच असते; आणि त्यांतील 'माय डॉक्युमेंट्स' बहुधा आपल्या खऱ्या कागदपत्रांकडे बोट दाखविते.

आतां धोका पहा. फोल्डर पुसावयास निघालेला प्रोग्राम प्रथम आंतील यादी मागतो. दुभाष्यानें चिठ्ठीस साधा फोल्डर म्हटलें, कीं प्रोग्राम तिच्या वाटेनें आंत शिरून खरा ऐवज पुसतो. चिठ्ठी आपल्याच वरच्या फोल्डरकडे वळलेली असेल, तर शोध घेणारा प्रोग्राम घाण्याच्या बैलासारखा फिरत राहतो. या भयानें पूर्वीं वाईन फोल्डरच्या चिठ्ठ्या मुळांतच दाखवीत नसे. पण लपविणें हें उत्तर नव्हे.

खरी दुरुस्ती अशी, कीं यादींत चिठ्ठीवर 'रीपार्स पॉइंट' ही विंडोजची खूण लावावी. वाचतांना वस्तूपर्यंत जावें, पुसतांना चिठ्ठीपाशींच थांबावें. सांगणें सोपें, करणें कठीण. विंडोजमध्यें फाईलची चिठ्ठी निराळी व फोल्डरची निराळी. लिनक्स हा भेद जाणत नाहीं. लक्ष्य पाहून जाति ठरवावी, तर लक्ष्यच नष्ट झालें असतां दुभाष्यानें काय सांगावें?

म्हणून वाचकांस आमची सूचना एवढीच: अनोळखी प्रोग्राम चालविण्यापूर्वीं वाईनच्या 'डेस्कटॉप इंटिग्रेशन' या पानावर घरच्या फोल्डरांशीं जोडलेले दुवे सोडवून ठेवावेत, आणि महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत निराळ्या ठिकाणीं असावी. दुभाषी कितीही विद्वान् असला, तरी घराची किल्ली त्याच्या हातीं देऊं नये.