पापड कुणासाठी लाटले?

‘आई काय करते?’ ‘काही नाही, घरीच असते.’ हे उत्तर आपण बिनधास्त देऊन टाकतो. सरकारी आकडेवारीही जवळपास तेच करते. नियमच बघा ना! पापड विकायला लाटले, तर ती बाई ‘कामात’. तेच पापड घरच्या डब्यात गेले, तर ते काम मोजणीबाहेर!

सरकारच्या पीएलएफएस सर्वेक्षणात २०१७-१८ मध्ये १५ वर्षांवरच्या २३.३ टक्के स्त्रिया श्रमशक्तीत होत्या. २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के. झकास! पण थांबा. वर्षभरात ३० दिवस काम केलं, तरी या आकड्यात नंबर लागतो. शिवाय ‘कामात’ असलेल्या दर तिघींपैकी एकीहून जास्त जणी घरच्याच शेतात नाहीतर दुकानात राबतात. पगार? शून्य.

आणि न मोजलेलं काम? २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेनुसार घरकाम करणाऱ्या १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांची रोज सरासरी ३०५ मिनिटं त्यातच जातात. म्हणजे पाच तास, तेही वीकली ऑफशिवाय!

म्हणून माझं म्हणणं एवढंच : टक्का वाढला की टाळ्या जरूर वाजवा, पण महिनाअखेर किती जणींच्या खात्यात पैसे जमा झाले, हेही विचारा.