ड्राफ्ट्समनची निसर्गवही

माझी सगळी नोकरी रबाळ्याच्या एमआयडीसीत, ड्रॉइंग बोर्डपुढे गेली. त्यामुळे निसर्गवही म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे जलरंगातली सुबक फुलपाखरं येतात, तशी माझ्या येत नाहीत. माझ्या वहीत बाण आहेत, मापं आहेत, भरपूर खाडाखोड आहे आणि पानाच्या तळाशी सवयीने लिहिलेलं ‘प्रमाणात नाही’ आहे. निसर्गवहीचं काम म्हणजे पाहिलेलं नोंदवणं. चित्र हे त्या नोंदीचं हत्यार. ‘मला चित्र कुठे येतं?’ ही सबब म्हणूनच इथे चालत नाही.

नवी मुंबईत पाहण्यासारख्या गोष्टींची वानवा नाही. एका अंगाला पारसिकची टेकडी, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी. या खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, इथे असतात. ओहोटीला ते उघड्या चिखलावर चरायला पांगतात, भरतीचं पाणी चढलं की नेरूळचं डीपीएस तळं किंवा तलाव्याची पाणथळ जागा गाठतात. तेव्हा पक्षी जवळून पाहायचे तर घड्याळाआधी भरती पाहावी लागते.

तिचा हिशोब कोकण किनाऱ्यावर तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला साधारण बाराच्या सुमारास, आणि तेव्हा उधाणही मोठं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी फारसं चढत नाही. हिशोब ढोबळ आहे. खाडीत आत जावं तसा थोडा उशीर धरायचा. माझ्या प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात आधी तारीख, वेळ, जागा, हवा, तिथी आणि पाणी चढतंय की उतरतंय, एवढं लिहून होतं. पेन्सिल त्यानंतर चित्राकडे वळते.

सामान थोडकं. हातात मावेल अशी कोऱ्या पानांची वही, टूबी पेन्सिल, पाण्याने न पसरणाऱ्या शाईचं पेन आणि जमल्यास दुर्बीण. पक्षी एका जागी थांबत नाहीत, म्हणून एकाच पानावर चार-पाच अर्धवट आकृत्या सुरू करायच्या. पक्ष्याने मान पुन्हा तशीच वळवली की त्या आकृतीकडे परत यायचं. आधी ढब, मग प्रमाण, बारकावे शेवटी. रंग भरायला वेळ नसेल तर बाण काढून ‘इथे फिकट गुलाबी’ असं लिहिलं तरी पुरतं.

हाताने काढायला घेतलं की डोळ्याची ढिलाई उघडी पडते. रोहितचा पाय काढताना गुडघा उलटा वाकलेला दिसतो. तो खरं तर घोटा; गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. चोच मध्येच खाली मोडते, कारण खाताना डोकं उलटं करून ती पाण्यात घालायची असते. म्हणजे त्या वेळी वरची चोच खाली येते! जीभ मागेपुढे करून पाणी आत ओढलं जातं आणि चोचीच्या कडांतून गाळलं जातं. चोच गडद किरमिजी दिसली तर छोटा रोहित, गुलाबी आणि फक्त टोकाला काळी असेल तर मोठा. फोटो काढून पुढे गेलो तर यातलं किती लक्षात राहील?

पक्षी नसतील तेव्हा खाडीकाठचं तिवराचं झाड आहेच. त्याचं पान उलटं करा, खालची बाजू राखाडी-पांढुरकी दिसेल. कोरड्या दिवशी पानावर मिठाचे कण सापडतात. खाऱ्या चिखलातून आलेलं जादा मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकतं. बुंध्याभोवती चिखलातून वर आलेली मुळं श्वासासाठी असतात. एका मुळाची उंची पेन्सिलीशी ताडून लिहून ठेवा.

या नोंदी पुढे कशाला लागतात? २०२४ मध्ये डीपीएस तळ्यात भरतीचं पाणी नीट येईना, शेवाळ माजलं, रोहित मेल्याच्या बातम्या आल्या. अशा वेळी पूर्वी इथे पाणी किती चढायचं, पक्षी कधी यायचे, हे सांगायला तारखेची नोंदच लागते. जुनी उदाहरणंही आहेत. पुण्याजवळ दापोडीच्या वनस्पती उद्यानात अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात झाडांची चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. काढणाऱ्या चित्रकाराचं नाव मात्र कुणाला ठाऊक नाही. तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर आधी आपलं नाव घाला.

खाडी लांब पडत असेल तर पावसाळ्यात सेक्टरमधला एखादा मोकळा प्लॉट पुरे. तिथे टाकळा असतो. त्याच्या पानाच्या पर्णिकांच्या जोड्या मोजा, आणि संध्याकाळी त्या मिटल्या की पुन्हा काढा. एकच जागा धरा, वर्षभर तिथेच जा. चित्र कसंही येवो, तारीख घालायला विसरू नका.