सहलीचा वेग आजीच्या पावलांनी ठरावा

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की घरोघरी बेत ठरू लागतात. कुणाला सिंहगडावरचे पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही हवे असते, कुणाला शेतातला हुरडा, तर कुणाला शहरात भरलेला खाद्यमहोत्सव. निघायचे कधी, गाडी कुणाची, जेवायचे कुठे हे सगळे ठरते आणि मग घरातली आजी म्हणते, 'तुम्ही जाऊन या. माझ्यामुळे खोळंबा नको.' घरातलेही फारसा आग्रह धरत नाहीत. तिला न्यायचे म्हणजे औषधे, पथ्य, गुडघे, स्वच्छतागृह. त्यापेक्षा ती घरीच बरी, असे सगळ्यांना मनातून वाटत असते.

आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर हा निर्णय वाटतो तितका साधा नाही. उतारवयात बाहेर पडणे, नवे काही पाहणे, माणसांत मिसळणे थांबले की शरीर आणि मन दोन्ही आक्रसत जातात. इंग्लंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या ६,७१० लोकांचा सुमारे १४ वर्षे मागोवा घेतला गेला. त्याचे निष्कर्ष 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०१९ साली प्रसिद्ध झाले. वर्षातून एक-दोनदा का होईना, पण वस्तुसंग्रहालय, कलादालन, नाटक किंवा मैफलीला जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका अजिबात न जाणाऱ्यांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी दिसला. दर काही महिन्यांनी किंवा त्याहून अधिक वेळा जाणाऱ्यांमध्ये तो ३१ टक्क्यांनी कमी होता. अर्थात, जे आधीच धडधाकट आणि सुस्थितीत असतात तेच जास्त बाहेर पडतात, हा मुद्दा राहतोच. संशोधकांनी आर्थिक स्थिती, शिक्षण, आजार, चालण्या-फिरण्याची क्षमता हे सारे हिशेबात धरले, तरीही हा फरक पुसला गेला नाही. अशा निरीक्षणातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, तरी दिशा कळते. कॅनडातील माँट्रियल शहरात तर २०१८ पासून डॉक्टर काही रुग्णांना चिठ्ठीवर 'संग्रहालयाची भेट' लिहून देऊ लागले.

तेव्हा आजीला न्यावे. फक्त सहल आखताना एक गोष्ट उलटी करावी लागते. एरवी बेत ठरतो तो गाडी चालवणाऱ्याच्या, म्हणजे घरातल्या सर्वांत सुदृढ माणसाच्या ताकदीवर. तो ठरायला हवा सर्वांत नाजूक प्रकृतीच्या माणसाच्या वेळापत्रकावर. ते न झाल्यामुळे होणारे घोटाळे बहुतेक ठरावीक असतात आणि जवळजवळ सगळे टाळता येतात.

संग्रहालयात आजीच मार्गदर्शक

सुरुवात करायला संग्रहालयासारखी जागा नाही. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय घ्या. दिनकर केळकर यांनी आयुष्यभर जमवलेल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने जपलेल्या या संग्रहात सुमारे वीस हजार वस्तू आहेत. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी, वाद्ये, कोरीव दरवाजे. नातवंडांना या वस्तूंखालची पाटी वाचावी लागते, आजीला लागत नाही. असला अडकित्ता तिच्या सासऱ्यांच्या पानाच्या डब्यात असतो, तसला दिवा तिच्या माहेरच्या माजघरात लावलेला असतो. विसरभोळेपणाच्या आजारात कालचे जेवण आठवत नाही, पण जुन्या आठवणी बराच काळ शाबूत राहतात. जुनी वस्तू हातात किंवा डोळ्यांसमोर आली की बोलणे सुरू होते. याच तत्त्वावर लिव्हरपूलच्या संग्रहालयांनी २०१२ मध्ये स्मृतिभ्रंशाचे रुग्ण आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी खास उपक्रम सुरू केला.

मात्र संग्रहालय दमवते. बेंजामिन गिलमन या अमेरिकी अभ्यासकाने १९१६ मध्येच 'संग्रहालयाचा थकवा' यावर लिहिले होते. भराभर चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. चार पावले चालून थांबणे, पुन्हा चार पावले चालून थांबणे यात ते काम मंदावते आणि रक्त पायांत साचते. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांना मग एकाएकी गरगरते. उपाय सोपा आहे. सगळे दालन पाहायचा हट्ट सोडावा, दोन किंवा तीन निवडावीत. दर वीस-पंचवीस मिनिटांनी बसावे. जिने किती, लिफ्ट आहे का, चाकांची खुर्ची मिळेल का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारावे. जुन्या वाड्यांतील जिने अरुंद आणि चढे असतात, तिथे खालचे दालन पुरेसे समजावे.

गोळी सातला, नाश्ता दहाला

सहलीतला सर्वांत धोकादायक तास बहुधा सकाळचा असतो. समजा, कुटुंब सकाळी सातला निघाले. मधुमेह असलेल्या आजीने नेहमीच्या वेळी गोळी घेतली, कारण ती कधी चुकवत नाही. नाश्ता वाटेत करायचे ठरले. पुढे घाटात गाड्यांची रांग लागली आणि दहा वाजले. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन पोटात अन्न असो वा नसो, साखर खाली आणतातच. मागच्या सीटवर आजी गप्प होते, घाम येतो, हात थरथरतात, मग ती असंबद्ध बोलू लागते किंवा डोळे मिटते. पुढे बसलेल्यांना वाटते, लवकर उठल्यामुळे झोप लागली.

मधुमेही माणूस प्रवासात अचानक गप्प झाला, चिडचिडा झाला किंवा घामाने भिजला, तर शुगर कमी झाली असे धरून चालावे. ग्लुकोमीटर असेल तर लगेच तपासावे आणि ७० पेक्षा कमी असल्यास उपचार करावा. यंत्र नसेल तर वाट पाहू नये. शुद्धीवर असताना तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्यावे. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, गरज वाटल्यास तेवढेच पुन्हा द्यावे आणि मग पोळी, बिस्किटे असे काही खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे.

खरा उपाय त्याआधीचा आहे. अशी गोळी घेऊन घर सोडायचे तर खाऊनच सोडावे. नाश्ता वाटेत असेल तर गोळीही वाटेत, समोर ताट आल्यावर घ्यावी. इन्सुलिन बंद गाडीत ठेवून गड पाहायला जाऊ नये. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत अर्ध्या तासात तापमान पंधरा अंशांच्या आसपास वाढते आणि इन्सुलिनचा गुण जातो.

पाणी न पिण्याची शिस्त

घरातल्या बाया प्रवासाला निघताना सकाळपासून पाणी तोडतात, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही आणि मिळाले तर पाय ठेवण्याजोगे असेल की नाही, याची खात्री नसते. वयानुसार तहानेची जाणीव आधीच मंदावलेली असते. त्यात ऊन, चढण आणि तिखट जेवण. संध्याकाळी डोके दुखते, पायांत गोळे येतात आणि दोन दिवसांनी लघवीला जळजळ सुरू होते.

याच भीतीपोटी अनेक जण आणखी एक गोष्ट करतात. हृदय कमकुवत असल्याने सुरू असलेली लघवी वाढवणारी गोळी सहलीच्या दिवशी परस्पर बंद ठेवतात. दोन-तीन दिवस असे झाले की पायांवर सूज येते, रात्री आडवे झाले की दम लागतो. गोळी बंद करण्याची गरज नसते. ती मुक्कामी पोचल्यावर घेतली तर चालेल का, एवढे डॉक्टरांना आधी विचारले तरी बहुतेक वेळा मार्ग निघतो.

म्हणून बेत ठरवताना जेवणाच्या ठिकाणाआधी स्वच्छतागृहाचे थांबे ठरवावेत. पेट्रोल पंपावरचे स्वच्छतागृह प्रवाशांना विनामूल्य वापरता येणे अपेक्षित असते. दर दीड-दोन तासांनी थांबले तर आणखी एक फायदा होतो. सलग चार तासांहून अधिक बसून प्रवास केल्यास पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो. खाली उतरून दहा पावले चालणे हे त्यावरचे औषधच आहे. आणि थांबा आधी सर्वांसमोर जाहीर झालेला असला, तर 'माझ्यासाठी गाडी थांबवा' असे कुणाला सांगावे लागत नाही.

गडावरचा 'गॅस'

सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आहे आणि वरपर्यंत गाडीरस्ता आहे. रायगडावर पायऱ्यांना पर्याय म्हणून रोपवे आहे. या सोयी वापरण्यात कमीपणा नाही. पायी चढायचेच असेल तर एक सोपी कसोटी आहे. चढताना सलग एक वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर दम लागत असेल तर वेग जास्त आहे. आठवडाभर खुर्चीत बसणाऱ्या पन्नाशीच्या मुलालाही हीच कसोटी लागू आहे.

चढताना छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात भरून येणे आणि थांबल्यावर बरे वाटणे, हे हृदयाला रक्त कमी पडत असल्याचे लक्षण असू शकते. बरे वाटले म्हणून पुढे चढू नये, खाली उतरून त्याच दिवशी दाखवावे. मधुमेहींमध्ये आणि वयस्क स्त्रियांमध्ये छातीत कळ येईलच असे नाही. नुसताच दम, थंड घाम, मळमळ किंवा पोटाच्या वरच्या भागात जडपणा एवढेच जाणवते. थोड्या वेळापूर्वी कांदाभजी आणि ठेचा खाल्लेला असतो, त्यामुळे सगळे एकमुखाने 'गॅस' ठरवतात. सोडा प्यायला दिला जातो आणि मोलाचा तास निघून जातो. घाम आणि दम सोबत असलेला गॅस हा गॅस समजू नये. त्या माणसाला बसवावे, एक पाऊलही चालवू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू आहे. सुट्टीच्या दिवशी घाटात कोंडी असते, म्हणून फोन लवकर करणे अधिकच महत्त्वाचे.

भरपेट जेवणानंतर तासा-दोन तासांत वयस्कांचा रक्तदाब उतरतो. त्यामुळे जेवून लगेच चढण नको, अर्धपोटी जेवण आणि मग सावलीत विसावा बरा.

थाळीपेक्षा घड्याळ पाहावे

खाद्यमहोत्सवात 'काय खावे' यापेक्षा 'ते कधी शिजले' हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, पोषक स्थितीत काहींची संख्या वीस मिनिटांत दुप्पट होते. तव्यावरून थेट ताटात आलेली भाकरी, डोळ्यांसमोर तळलेले वडे, वाफाळता रस्सा हे तुलनेने सुरक्षित. दुपारी शिजवून रात्रीपर्यंत कोमट राहिलेला भात, उघड्यावरची चटणी, खव्याची मिठाई, कापून ठेवलेली फळे आणि कुठल्या पाण्याचा ते माहीत नसलेला बर्फ टाळावा. काही जंतूंचे विष अन्न पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही, त्यामुळे 'गरम करून देतो' या आश्वासनात अर्थ नसतो. स्टॉलवर चौदा अंकी अन्नपरवाना लावलेला आहे का, वाढणारा त्याच हाताने पैसे घेतो का, खाणे वर्तमानपत्राच्या कागदात तर देत नाहीत ना, हे पाहायला अर्धे मिनिट लागते.

खाल्ल्यावर दोन-चार तासांत उलट्या झाल्या तर बहुधा अन्नातच तयार झालेले विष कारणीभूत असते. एक-दोन दिवसांनी ताप आणि जुलाब आले तर जंतुसंसर्गाची शक्यता अधिक. तरुण माणूस यातून दिवसभरात सावरतो. आजीचे तसे नसते. पाणी कमी झाले की तिचा रक्तदाब आणि मूत्रपिंड दोन्ही लवकर कोलमडतात. घरातून निघतानाच ओआरएसची पाकिटे बॅगेत टाकावीत. ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्यावे. मधुमेह आहे म्हणून जुलाबात हे पाणी नाकारू नये. रक्तदाब, मधुमेह आणि लघवीच्या काही गोळ्या अशा वेळी तात्पुरत्या थांबवाव्या लागतात, त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. लघवी कमी झाली, शौचातून रक्त पडले, तोंडाने घेतलेले टिकत नसेल किंवा गुंगी येऊ लागली तर घरी थांबू नये.

निघण्याच्या आदल्या रात्री एका कागदावर आजीचे आजार, औषधांची नावे, वेळा, ॲलर्जी आणि घरच्यांचे दोन क्रमांक लिहून तो तिच्या पर्समध्ये ठेवावा. औषधे दोन दिवस जास्तीची घ्यावीत आणि ती डिकीतल्या बॅगेत नको, हाताशी असावीत. ठरवलेल्या चार ठिकाणांपैकी दोन वगळावीत. त्या दोन ठिकाणांचा वेळ थांब्यांना, नाश्त्याला आणि बाकावर बसण्याला द्यावा. एवढे केले की सहल थोडी लहान होते, पण तिच्यात घरातले सगळे मावतात.