टाइम प्लीज, बाबा!

बुधवारी रात्री बाबांचा फोन. "शनिवारी येतोय पुण्याला. सकाळच्या गाडीने." मग जेवलास का, पाऊस आहे का, गॅस बंद केलास का, हे सगळं झालं. फोन ठेवता ठेवता त्यांनी हळूच विचारलं, "ते घड्याळ चालतंय ना रे?"

"हो हो, मस्त चालतंय!" मी ठोकून दिलं.

घड्याळ कुठलं चालतंय! ते कपाटाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या चार्जर्सच्या गुंत्याखाली पडलं होतं. स्क्रीन कोरी करकरीत. माझ्या मनगटावर गेली चार वर्षं स्मार्टवॉच. ते माझी पावलं मोजतं, झोप मोजतं, आणि रोज रात्री चार्जरला लावलं नाही तर दुसऱ्या दिवशी मान टाकतं.

बाबांचं घड्याळ म्हणजे कॅसिओ एफ-९१डब्ल्यू. काळा प्लास्टिकचा पट्टा, चौकोनी स्क्रीन, तीन बटणं. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरात ते कधीतरी होतंच! १९८९ साली बाजारात आलेलं हे मॉडेल आजही नवं मिळतं. आमच्याकडचं १९९४ मध्ये मामाने आखातातून आणलेलं. बाबा एसटीत ड्रायव्हर. पहाटेची पहिली गाडी काढायची तर ते घड्याळ उशाशी असायचंच. २०१३ मध्ये मला पहिली नोकरी लागली, त्या दिवशी त्यांनी नवा सेल घालून ते माझ्या हातात ठेवलं. "वेळेवर पोच," एवढंच म्हणाले.

आणि मी त्याची ही अवस्था केली होती. हातात होत्या फक्त दोन रात्री.

गुरुवार : सेलचा घोळ

ऑफिसमधून येताना दुकानात शिरलो आणि ऐटीत सांगितलं, "घड्याळाचा गोल सेल द्या." त्याने विचारलं, "कुठला?" आता आली का पंचाईत! कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर असतो तो आठवला. "सीआर२०३२," मी म्हणालो.

घरी येऊन मागचे चार बारीक स्क्रू काढले, झाकण उघडलं, सेल बसवला. झाकण काही बसेना. कारण अगदी साधं. सेलवरचा नंबर म्हणजे त्याचं मापच असतं. २०३२ म्हणजे व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. या घड्याळाला लागतो सीआर२०१६, म्हणजे व्यास तेवढाच, पण जाडी १.६. मी चक्क दुप्पट जाडीचा सेल कोंबत होतो! दोन्ही तीन व्होल्टचेच, म्हणून चालेल असं वाटतं. पण जोर लावला असता तर आतली पट्टी वाकली असती.

तुमच्याकडे दुसऱ्या कुठल्या जुन्या घड्याळात दीड व्होल्टचा छोटा सेल असेल, तर एलआर आणि एसआर यांतला फरक लक्षात ठेवा. एलआर म्हणजे अल्कलाइन. स्वस्त, पण त्याचं व्होल्टेज हळूहळू उतरत जातं आणि विसरून पडला तर गळण्याची भीती जास्त. एसआर म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड. थोडा महाग, पण शेवटपर्यंत जवळपास तेवढाच जोर देतो. घड्याळासाठी एसआरच बरा.

शुक्रवार : सेल नवा, स्क्रीन वेडी

योग्य सेल आणला, बसवला. स्क्रीनवर आकड्यांचे अर्धवट तुकडे. बटणं दाबली तर ढिम्म. मला वाटलं, गेलं!

पण नाही. यावर एक युक्ती आहे आणि ती बऱ्याच कॅसिओंना लागू पडते. आत, सेलजवळ, 'एसी' अशी दोन इंग्रजी अक्षरं असलेला बारीकसा संपर्कबिंदू असतो. धातूच्या चिमट्याचं एक टोक त्याला आणि दुसरं सेलच्या वरच्या, म्हणजे अधिक खूण असलेल्या बाजूला दोनेक सेकंद टेकवायचं. बस्स! हा झाला घड्याळाचा रीस्टार्ट. सेल काढल्यावर आतली चिप गोंधळलेल्या अवस्थेत जागी होते, या स्पर्शाने ती कोऱ्या पाटीवरून सुरू होते.

मी चिमटा टेकवला. स्क्रीन उजळली, सेकंद पळायला लागले. खरं सांगतो, अप्रेझल चांगलं झालं तेव्हासुद्धा एवढा आनंद झाला नव्हता!

आनंद दोनच मिनिटं टिकला. बटण दाबलं की 'पिक' व्हायला हवं, तो आवाजच नाही. गंमत अशी की या घड्याळाचा आवाज काढणारी पातळ चकती मागच्या झाकणाला आतून चिकटवलेली असते आणि चिपपासून तिच्यापर्यंत वीज पोचते एका इवल्याशा स्प्रिंगमधून. ती स्प्रिंग मी गुरुवारी झाकण उघडताना कुठेतरी उडवली होती. मोबाइलचा टॉर्च लावून, फरशीवर आडवा पडून, पाऊण तास शोधलं. सापडली फ्रिजखाली, केसांच्या गुंत्यात. तेव्हा बाबांनो, झाकण उघडाल ते पांढऱ्या टॉवेलवर, आणि प्रत्येक वस्तू काढायच्या आधी मोबाइलवर एक फोटो घ्या.

वेळ लावणं म्हणजे...

रात्रीचे साडेअकरा. आता सेटिंग. डावीकडचं खालचं बटण मोडचं. एकदा दाबलं की अलार्म, दुसऱ्यांदा स्टॉपवॉच, तिसऱ्यांदा वेळ लावायची जागा. तिथे आधी सेकंद लुकलुकतात. डावीकडच्या वरच्या, म्हणजे दिव्याच्या बटणाने पुढे सरकायचं आणि उजव्या बटणाने आकडा वाढवायचा. सेकंद, तास, मिनिटं, महिना, तारीख, वार. आकडा फक्त पुढे जातो. एक घर चुकलात की पुन्हा पूर्ण फेरी! मी मिनिटांच्या तीन प्रदक्षिणा घातल्या.

यात दोन खाचखळगे आहेत. पहिला, दुपारचे बारा वाजले की तारीख बदलत असेल तर समजा, सकाळ-संध्याकाळची गल्लत झाली आहे. तासांचे आकडे आणखी बारा घरं पुढे न्या. दुसरा जास्त फसवा आहे. स्क्रीनवर एरवी फक्त वार आणि तारीख दिसते, महिना दिसत नाही. तो चुकीचा असला तरी महिनाभर कळत नाही आणि मग ३० किंवा ३१ला तारीख भलतीच होते. लोक म्हणतात, घड्याळ बिघडलं. बिघडलेलं काहीच नसतं! आणि या घड्याळाला वर्ष कळत नाही. फेब्रुवारी म्हणजे २८ दिवस, विषय संपला. लीप वर्षात २९ तारीख आपणच लावायची.

सेकंद मोबाइलशी जुळवले. महिन्याला तीसेक सेकंद मागेपुढे होणं कंपनीलाच मान्य आहे, तेव्हा त्याचं टेन्शन नको.

फर्स्ट एड बॉक्स

• दिवा लावताच आकडे फिके पडतात : सेल संपत आला. अगदी जायची वाट बघू नका.
• आकड्यांचा एखादाच तुकडा दिसत नाही : स्क्रीन आणि सर्किटमधली रबरी पट्टी मळली असेल. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने हलकेच पुसा. जमत नसेल तर स्टेशनबाहेरच्या घड्याळवाल्या काकांना गाठा.
• अल्कलाइन सेल गळून पांढरा-निळसर थर जमलाय : कापसाच्या काडीवर किंचित व्हिनेगर, मग अल्कोहोल, मग पूर्ण वाळू द्या.
• झाकणाखालची रबरी रिंग नीट खाचेत बसवा. ती मुडपली तर पावसाचं पाणी आत गेलंच म्हणून समजा.
• घड्याळ वर्षभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा.
• घरात लहान मूल असेल तर सेल त्याच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. अशा वेळी थेट हॉस्पिटल गाठा.

शनिवार

बाबा आले. चहा झाला. मी मुद्दाम बाही वर करून बसलो होतो. त्यांनी हात पुढे केला, मी घड्याळ काढून दिलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, मोडचं बटण एकदा दाबलं आणि बघत राहिले.

"सेल गेला होता ना?"

"नाही हो बाबा, कोण म्हणालं?"

"अलार्म चार दहाचा होता. मी लावून दिलेला. सेल काढला की तो पुसला जातो."

आता काय बोलणार? मी अलार्म नेहमी बंदच ठेवायचो, पण आतली वेळ कधी बदलली नव्हती. चार दहा. पहिल्या गाडीची वेळ. रिटायर झाल्यावरही त्यांनी तीच लावून मला घड्याळ दिलं होतं, आणि ते माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. मी सगळं कबूल केलं. ड्रॉवर, जाडा सेल, फ्रिजखालची स्प्रिंग, सगळं.

ते रागावले नाहीत. "स्प्रिंग माझीपण उडाली होती एकदा," म्हणाले. "तुझ्या आईने केर काढताना शोधून दिली." मग बटणं दाबत दाबत त्यांनी अलार्म पुन्हा चार दहावर आणला आणि घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं.

रविवारी पहाटे ते वाजलं. वीस सेकंद. मी उठून बघितलं तर बाबा आधीच जागे, खिडकीशी उभे.

"झोप रे," ते म्हणाले. "मी फक्त बघत होतो, वाजतं का."