आक्कांच्या फोनला कुलूप कुणी घातलं?



मागच्या महिन्यात जत तालुक्याच्या पूर्व भागात एका बचत गटाच्या मीटिंगला मी बसले होते. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली. सीआरपी ताईंनी मोबाइलवर नोंद करायला घेतली आणि गटाच्या सचिव असलेल्या आक्कांना म्हणाल्या, "आक्का, तुमच्या नंबरवर ओटीपी आलाय बघा." आक्कांनी फोन उघडला. रेंजच्या दांड्या गायब. स्क्रीनवर इंग्रजीत एक चौकट आलेली, सिम नेटवर्क अनलॉक पिन टाका म्हणून. कसला पिन, कुणाचा पिन, कुणालाच पत्ता नाही.

"रिचार्ज संपलं असंल," एक जाऊबाई म्हणाल्या. रिचार्ज होतं. पोरानं सिम काढून पदराला पुसून परत घातलं. फोन बंद करून चालू केला. तरी तीच चौकट. दारात उभं असलेलं एक पोरगं म्हणालं, "हॅक झालाय." त्यावर आक्कांचा चेहरा असा पडला की बघवेना. साडेसात हजारांचा फोन, तोही जुना, रिफर्बिश्ड म्हणून घेतलेला. शेळी विकून घेतलेला. तीन महिने छान चालला. आदल्या रात्री त्यानं अपडेट मागितलं, पोरानं हो म्हटलं, आणि सकाळी हे.

त्या दिवशी आम्ही पहिलं काम एकच केलं. आक्कांचं सिम काढून शेजारच्या मावशींच्या बटणाच्या फोनमध्ये घातलं. मिनिटभरात घंटी वाजली, ओटीपीचा मेसेजही आला. आक्कांच्या जिवात जीव आला. बायांनो, आपला नंबर, बँकेचा मेसेज, लाडक्या बहिणीच्या केवायसीचा ओटीपी, हे सगळं सिमवर येतं. फोनला काही झालं म्हणजे नंबर गेला असं नाही. आणि सिम दुसरीकडे चाललं, म्हणजे दोष फोनमध्ये, एवढंही त्याच झटक्यात कळतं.

दुसरं काम लगेच करायचं ते आतला माल बाहेर काढायचं. असा फोन सिमला ओळखत नसला तरी वायफाय धरतो. शेजारणीच्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा, त्यावर नेट घ्या, आणि फोटो, नंबर, गटाच्या वहीचे काढलेले फोटो असतील ते दुसरीकडे पाठवून ठेवा. हे झाल्याशिवाय कुणालाही फोन "रीसेट मारू" देऊ नका. रीसेटनं कुलूप निघत नाही आणि आतलं मात्र सगळं पुसलं जातं.

आता हे कुलूप आहे काय? दुकानात गेलात तर "लॉक झालाय" एवढंच सांगतात. पण घराला कडी वेगळी, कपाटाला कुलूप वेगळं, तसं मोबाइललाही तीन-चार तऱ्हेची कुलपं असतात. ज्यानं लावलं तोच ते काढू शकतो. म्हणून आधी कुलूप कुणाचं ते ओळखायचं आणि मगच कनवटीला हात घालायचा.

आक्कांच्या फोनचं कुलूप परदेशातल्या मोबाइल कंपनीचं होतं. अमेरिकेत बरेच लोक फोन रोखीनं घेत नाहीत. नेटवर्क देणारी कंपनीच फोन हप्त्यावर किंवा स्वस्तात देते आणि गिऱ्हाइकानं हप्ते बुडवून दुसऱ्या कंपनीकडे जाऊ नये म्हणून फोन आपल्याच सिमला बांधून ठेवते. हे बांधणं कसं, तर प्रत्येक सिमच्या आत एक लांबलचक आकडा असतो. त्याच्या पहिल्या तीन आकड्यांवरून देश कळतो आणि पुढच्या दोन-तीन आकड्यांवरून कंपनी. आपल्याकडच्या सिमचा आकडा ४०४ किंवा ४०५ नं सुरू होतो, अमेरिकेतल्या बऱ्याच सिमचा ३१० किंवा ३११ नं. फोन सिममधला हा आकडा वाचतो, आपल्याला ठरवून दिलेल्या आकड्याशी ताडून बघतो, आणि जुळला नाही तर तुमच्या सिमला दारातच थांबवतो. इंग्लंडमध्ये डिसेंबर २०२१ पासून असे बांधलेले फोन विकायला बंदी आहे. जपाननंही ऑक्टोबर २०२१ पासून नव्या फोनवरची ही बांधणी जवळजवळ बंद केली. अमेरिकेत ती अजून चालते. आपल्याकडे दुकानात मिळणारा नवा फोन बहुतेक करून मोकळाच असतो, त्यामुळे हे दुखणं आपल्याला ठाऊक नाही. अपवाद म्हणजे २०१७ साली आलेला जिओफोन. तो जिओच्या सिमवरच चालतो. तो जुन्यात घेतला आणि आपल्या वस्तीवर जिओची रेंज नसली, तर घरात शोभेला ठेवायचा.

मग असा फोन तीन महिने चालला कसा? आक्कांचा प्रश्न हाच होता आणि तो बरोबर होता. याचं उत्तर असं, की या कुलपाची नोंद नुसती फोनमध्ये नसते. फोन बनवणाऱ्या किंवा नेटवर्कवाल्या कंपनीच्या कॉम्प्युटरमध्येही असते. फोन रीसेट केला, मोठं अपडेट घेतलं, की फोन नेटवरून त्या कॉम्प्युटरला विचारतो, "मी मोकळा आहे का?" तिथून "नाही" आलं की कुलूप परत बसतं. काही फोन तात्पुरते उघडलेले असतात. अमेरिकेत टी-मोबाईल नावाच्या कंपनीनं परदेशी फिरायला जाणाऱ्या गिऱ्हाइकांना तीस दिवसांपुरता फोन मोकळा करून घ्यायची सोय दिली होती. असा तीस दिवसांसाठी उघडलेला फोन कुणी विकला, तर एकतिसाव्या दिवशी घेणाऱ्याचे डोळे पांढरे होतात. आयफोनमध्ये आणखी एक युक्ती करतात. सिमच्या खाली कागदासारखी पातळ चिप घालतात. ती फोनला खोटं सांगते की हे अमेरिकेचंच सिम आहे. पुढच्या अपडेटला फोन ते खोटं ओळखतो. सिमचा ट्रे काढल्यावर सिमला आणखी काही चिकटवलेलं दिसलं तर तो फोन घ्यायचाच नाही, कितीही स्वस्त असो.

हे कुलूप काढण्याचा सरळ रस्ता एकच, ज्या कंपनीनं लावलं तिनं काढणं. तिचे हप्ते पुरे झाले असतील तर ती काढून देते. पण ते मागायचं पहिल्या मालकानं किंवा विकणाऱ्या दुकानदारानं, आपण नाही. मोबाइलवर जाहिराती येतात, नऊशे रुपये पाठवा, कोड देतो. तो कोड चालेलच असं नाही, आणि काही फोनमध्ये चुकीचा कोड ठरावीक वेळा टाकला की कोड टाकायची जागाच बंद होते. पैसे पाठवून फसला असाल तर १९३० या नंबरवर लगेच तक्रार करा. उशीर जितका कमी, तितके पैसे अडवता येण्याची आशा जास्त.

दुसरं कुलूप जास्त गंभीर आहे. ते सरकारचं आहे. त्यात पिनबिन काही मागत नाहीत. रेंज जाते, कुठलंही सिम घाला, फोन लागत नाही. प्रत्येक मोबाइलला पंधरा आकड्यांचा एक नंबर असतो, त्याला आयएमईआय म्हणतात. आपला आधार नंबर, तसा मोबाइलचा हा. दोन सिमच्या फोनला असे दोन नंबर. कुणाचा फोन चोरीला गेला, हरवला, तर तो माणूस पोलिसांत तक्रार देतो आणि सरकारच्या सीईआयआर या यंत्रणेत तो नंबर बंद करायला सांगतो. अर्ज केल्यापासून चोवीस तासांत देशातल्या सगळ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर तो फोन बंद पडतो. जतमध्ये बंद, अथणीत बंद, विजापुरात पण बंद. ही व्यवस्था आपल्या महाराष्ट्रासाठी सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतून सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये संचार साथी या नावानं सगळ्या देशाला खुली झाली.

आता समजा, तुम्ही जुना फोन घेतलात. ज्याचा तो खरा होता त्यानं तक्रार उशिरा केली. तुमच्या हातात चालता फोन एका दुपारी बंद पडला. राग येतो, मान्य आहे. पण उलटंही बघा. जतला यल्लम्माच्या जत्रेत गर्दीत तुमचा फोन गेला, तर तुम्हाला काय वाटेल? तो चोरट्याच्या हातात चालू नये असंच ना? हे कुलूप त्यासाठीच आहे. म्हणून मोबाइलवाला पोरगा "वहिनी, नंबरच बदलून देतो, आठशे लागतील" म्हणाला, तर तिथून उठायचं. आयएमईआय बदलणं हा २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड आहे त्याला. बिल घेऊन पोलीस ठाण्यात जायचं आणि कुठून घेतला ते सांगायचं. माहीत असून चोरीचा माल ठेवणं गुन्हा आहे. तुम्हाला माहीत नव्हतं, तर ते दाखवायला बिलासारखा साक्षीदार नाही. फोन कुणाला विकून टाकू नका, विहिरीत तर मुळीच टाकू नका. एका बाईनं भीतीनं खरंच तसं केलं होतं!

बाकीची दोन कुलपं थोडक्यात. फोन उघडताच एखाद्या फायनान्स कंपनीचं नाव येतं आणि हप्ता भरा म्हणतं, ते हप्त्याचं कुलूप. आधीच्या मालकानं हप्ते न फेडताच फोन विकलेला असतो. आणि रीसेटनंतर फोन जुन्या मालकाचा जीमेल मागतो, ते गूगलचं कुलूप. त्याला जुना मालक सापडला तर दोन मिनिटांचं काम, नाही सापडला तर डोकेदुखी. ही दोन्ही विकणाऱ्यानंच सोडवून द्यायची.

विकणारा देईल का? इथंच आपलं सगळं अडतं, कारण आपण बिल घेत नाही. आक्कांनी दाखवलेल्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं, "१ मोबाइल, ७५००". ना तारीख, ना आयएमईआय, ना वॉरंटी. दुकानदार म्हणाला, हा फोन आमचा कशावरून? त्याच्या म्हणण्याला उत्तर नव्हतं. बिलावर दुकानाचं नाव, तारीख, दोन्ही आयएमईआय आणि "सर्व कंपन्यांच्या सिमवर चालतो" हे वाक्य, एवढं लिहून घ्यायचंच. ते असेल तर तुमच्या हातात कायदा आहे. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. तिथं आधी तक्रार नोंदवा. नाही जमलं तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. २०१९ च्या ग्राहक कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, फोन दिल्लीच्या दुकानातून मागवलेला का असेना. दोन वर्षांच्या आत करायची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मात्र हे दुकानदाराविरुद्ध. दिराच्या मित्राकडून, गलाईच्या कामाला परमुलखात गेलेल्या पाव्हण्याकडून फोन घेतला असेल तर ग्राहक कायदा तिथं येत नाही. तिथं नात्यातच बोलून मिटवावं लागतं.

आता जुना फोन घ्यायला जाल तेव्हा काय कराल ते सांगते. नवा घ्या असं मी म्हणणार नाही. नव्याला पैसे असते तर जुन्याकडे कोण बघतं? फोन हातात घेतला की डायल करायच्या जागी स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. आयएमईआय दिसतो. डबी असेल तर तिच्यावरचा नंबर आणि हा सारखा पाहिजे. मग आपल्या फोनवरून मेसेज करा. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून तो पंधरा आकडी नंबर, आणि १४४२२ वर पाठवा. नंबर दोन असतील तर दोन्ही. उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असं आलं तर फोन जागेवर ठेवायचा आणि दुसऱ्या दुकानाची पायरी चढायची. आयफोन असेल तर सेटिंगमध्ये जनरल, मग अबाउट उघडा. तिथं कॅरिअर लॉकसमोर "नो सिम रिस्ट्रिक्शन्स" लिहिलेलं हवं.

आणि पैसे द्यायच्या आधी दुकानदाराला म्हणायचं, माझ्यासमोर फॅक्टरी रीसेट कर. हे मला स्वतःला फार उशिरा सुचलं. रीसेटनंतर दुकानाच्या वायफायवर फोन नव्यानं चालू करायला लावायचा आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम घालून खरोखर फोन लावून बघायचा. परदेशी कुलूप, हप्त्याचं कुलूप, गूगलचं कुलूप, बहुतेक वेळा तिन्ही तिथंच उघडी पडतात. दुकानदार "कशाला, चालतोय की" म्हणाला तर तेच तुमचं उत्तर समजा.

आक्कांचं पुढं काय झालं ते सांगून थांबते. गटातल्या चौघी जणी त्यांच्याबरोबर त्या दुकानात गेल्या. भांडल्या नाहीत, नुसत्या बाकड्यावर बसून राहिल्या. तीन खेपांनंतर दुकानदारानं फोन परत घेऊन साडेपाच हजार दिले. दोन हजार बुडाले ते बुडालेच. परवा आक्कांनी दुसरा जुना फोन घेतला, वेगळ्या दुकानातून. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "आक्का, रीसेटला वीस मिनिटं लागतील." आक्कांनी पिशवीतून डाळिंब काढलं, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "लागू दे की बाळा. माझी एसटी पाचला आहे."