सभेतले भाषण आणि फोनमधला मदतनीस



कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते. सभेत बोलावे असे पुष्कळांना वाटते, पण माइकसमोर मुद्दे विस्कटतात. आता फोनमधला चॅटजीपीटीसारखा ‘एआय’ मदतनीस मराठीत भाषण लिहून देतो. ३१ मे २०२३ रोजी डेन्मार्कच्या पंतप्रधान मेट्टे फ्रेडरिकसन यांनी संसदेतल्या भाषणाचा काही भाग त्याच्याकडूनच लिहून घेतला आणि तसे सभागृहात सांगितलेही.

आपणही तो जरूर वापरावा. पण नुसते ‘ऊसदरावर भाषण लिही’ म्हणाल तर चिपाडे मिळतील, रस नाही. आधी आपले मुद्दे सांगा: ऊस किती टन घातला, तोड किती दिवस लांबली, बिल कधी मिळाले. तीन मिनिटांत बसव, हेही सांगा.

आकडे मात्र तपासाच. ठाऊक नसलेला आकडाही हा मदतनीस ठासून सांगतो. २०२५-२६ ची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५०. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. बिल १४ दिवसांत द्यावे, उशीर झाल्यास १५ टक्के व्याज, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. उतारा आणि देणी अहवालातूनच घ्या. काहून की, एक आकडा चुकला तर खरी तक्रारही हवेत जाते.

आपल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६५ मध्ये पुण्यात शनिवारवाड्यावर म्हणाले होते की, दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. असे वाक्य यंत्रही लिहील; पण त्या शब्दाला जामीन राहायचे ते बोलणाऱ्यानेच.

— ऊसविकास अधिकारी