कात्रीला 'अनडू' नसतं!
पालघरहून लोकल पकडून बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत दिवसभर एक्सेल शीट भरता ना? मग या रविवारी त्याच एक्सेलमध्ये बाळाची गोधडी आखा! चौकोनी सेल करा, ६ कॉलम, ८ ओळी. एक चौकोन म्हणजे ५ इंच. झाली ३० बाय ४० इंचांची गोधडी! आजीच्या जुन्या साड्यांचे रंग त्यात भरा. नाही आवडलं? कंट्रोल-झेड!

कात्रीला मात्र ही सोय नाही. शिवणीत प्रत्येक बाजूला पाव इंच जातो, म्हणून तुकडा साडेपाच इंचांचाच कापा. पाचचा कापलात, तर गोधडी २७ बाय ३६ वर येते. आणि आजीची साडी काही पुन्हा मिळत नाही. थर जोडणारा धावदोरा मात्र हातानेच घाला हं!